चार नंबरची तार

कॅम्प नंबर दोन, हिमाचल
६ ऑक्टोबर २०२५

ताई,

शिवाचा दंडवत. आईला बी सांग, पोचलो. जालन्याहून निघाल्यापासून चौथ्या दिवशी. गाडी, बस, मंग ट्रक, मंग शेवटी पायी. पाय सुजले पण नाक शाबूत आहे, थंडीनं गळालं न्हाई अजून.

इथं टॉवर न्हाई. कॅम्पपासून दोन तास खाली उतरलं की एका वळणावर मोबाईलला जीव येतो, पण सुट्टी कोण देतं? म्हणून पत्र. दर सोमवारी राशनची गाडी येती, तीच टपाल आणती अन नेती. तू म्हणायचीस आठवी नापास माणसानं रोज एक पान लिहावं. घे, लिहून राह्यलो.

काम बोगद्याचं. डोंगराला भोकं पाडायची, त्यात बारूद भरायची, समद्यांनी बाहेर यायचं अन उडवायची. बोगद्याच्या तोंडाशी एक मोठा फळा आहे, त्याला खिळे. आत जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढायचा. एक जरी बिल्ला खिळ्यावर असला तर सुरुंग उडत न्हाई, मग साहेब येवो का साहेबाचा बाप. पहिल्या दिवशीच मला तुझी नेमबाजीची रेंज आठवली अन मी एकटाच हसलो. तुझी बी तशीच तऱ्हा. गवत कापायच्या मशीनची केशरी तार दीड हात तोडायची, हवेच्या रायफलीच्या नळीतून मागून पुढं घालायची, दोन्ही टोकं दिसली म्हणजे आत छर्रा न्हाई. सहा रायफली, सहा तारा. तार लागल्याशिवाय चुन्याची रेघ कुणी ओलांडायची न्हाई. बारकी बारकी पोरं पाढे म्हणल्यावानी म्हणत्यात, "दोन टोकं, मंगच पाय!"

यावेळी मला तू एक बी छर्रा मारू दिला न्हाई, हे मी विसरलो न्हाई. सख्ख्या भावाला दारात उभं केलंस. "आधी नियम पाठ म्हण." बंद पडलेल्या जिनिंगचं शेड ते, तिथं आबा असताना मी कापसाच्या गंजीवरून उड्या मारायचो, तिथं मला नियम!

जाऊदे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा कशी झाली? फोटो काढलेत का? तृप्तीला म्हणावं डिसेंबरात राज्याला पहिली आली तर हिमाचलची सफरचंदं. कचरूमामाला रामराम. जीप थोडक्यात भेटली म्हणावं, राधेश्यामनं गाडीवर घालून स्टँडला नेऊन टाकलं.

तुझा
शिवा

*

जाफराबाद
१४ ऑक्टोबर २०२५

शिवा,

तुझं पत्र काल आलं. पूजा कशी झाली विचारलंस. खाली बसून वाच.

खंडेनवमीला सकाळी चौदा मुलं आणि त्यांचे आई-बाप शेडात जमले होते. नेम धरायचं लांब टेबल आम्ही भिंतीकडं सरकवलं, लाल कापड टाकलं, भिंतीशी देवीचा फोटो आणि घट. सहा रायफली ओळीनं ठेवल्या. आधी त्यांची तोंडं भिंतीकडं होती, नेहमीसारखी. आई म्हणाली, "अगं, देवीवर नळी रोखतीस काय? फिरव त्या." सगळ्या बायका हो म्हणाल्या. मला पण ते बरोबर वाटलं. मी फिरवल्या. माझ्या हातानं, एकेक. दस्ते देवीकडं आणि तोंडं आमच्याकडं.

पाच वर्षं मी पोरांना एकच गोष्ट शिकवतेय, की नळी माणसाकडं करायची नाही, रिकामी असली तरी नाही, तुटकी असली तरी नाही. आणि मी त्या फिरवल्या. देवीवर रोखायची भीती वाटली शिवा, पोरांवर रोखताना वाटली नाही.

मग आई म्हणाली, "त्यांच्या तोंडातल्या दोऱ्या काढा. बांधलेलं हत्यार पुजत नसतात." तारांची सहा शेपटं पुढं दिसत होती. सहा म्हणजे सहाही रिकाम्या. रोज मी मागची बाजू बघते, त्या दिवशी मागं माळा होत्या, हळदीकुंकू होतं. पुढचं शेपूट दिसलं त्यावर भागवलं. तारा ओढून काढल्या.

आई एकेका रायफलीला झेंडूचं फूल खोचत गेली. तू बघितलंयस, ट्रॅक्टरला, शिलाई मशीनला, जिथं फट दिसेल तिथं ती फूल खोचते. इथं तिला फट दिसली ती घोड्याजवळची. स्पर्धेच्या रायफलीचा घोडा किती हलका असतो तुला माहीत नाही. बोटाचा नुसता भार पुरतो. फुलाचा देठ पुरतो. तीन रायफलींना फूल लागलं, काही झालं नाही. चार नंबरला तिनं देठ अंगठ्यानं आत दाबला.

आवाजसुद्धा मोठा झाला नाही. ओली शेंग फोडावी तेवढा. तृप्ती समोर आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिनं गालाला हात लावला. तिला वाटलं गांधीलमाशी चावली. "मॅडम, माशी," असं म्हणाली ती. मग बोटांच्या मधून रक्त आलं आणि ताट पडलं.

डाव्या डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. संभाजीनगरला नेलं. छर्रा काढला. डोळा बंद आहे, आत रक्त साकळलंय. दिसेल का हे डॉक्टर सांगत नाहीत, पट्टी काढल्यावर बघू म्हणतात. तिचे वडील राधाकिसनभाऊ दवाखान्याच्या पायरीवर मला एवढंच म्हणाले, "मेंढरांमागं धाडली असती तर लांडग्यानं बी एवढं केलं नसतं, मॅडम."

शेड बंद आहे. आई जेवत नाही. घरात झेंडू आणू देत नाही.

छर्रा कुणी ठेवला? अष्टमीला संध्याकाळी कचरूमामानं कुलूप लावलं, किल्ली त्याच्याचजवळ असते. त्याला विचारलं तर मान खाली घालून म्हणतो, "माझ्याच हातून झालं असंल, बाई."

तू त्या संध्याकाळी निघालास. जाता जाता तिकडं गेला होतास का? कुणी दिसलं का शेडात? आठवून लिही.

रेणू

*

कॅम्प नंबर दोन
२० ऑक्टोबर २०२५

ताई,

पत्र गाडीजवळ उभं राहून फोडलं. लांडग्यापर्यंत आलो अन बसायला जागा बघितली, खाली खडी होती, तिथंच बसलो. पोरं म्हणली काय झालं, घरी कोण गेलं का? मी म्हणलं न्हाई. मंग कशाला रडतो? मी रडून राह्यलो हे मला ठाऊकच नव्हतं.

तृप्ती! मी तिला सफरचंदं म्हणलं होतं. माझं ते पत्र तू फाडून टाक. त्यात हसणं लिहिलंय मी.

देठानं गोळी सुटती? देठानं? मला खरंच ठाऊक नव्हतं ताई. मला वाटायचं बोट जोरात ओढावं लागतं, पंपाच्या दांड्यावानी. फुलानं सुटती हे मी दिवसभर बडबडून राह्यलो. इथल्या एका बिहारी पोरानं विचारलं, कौनसा फूल?

तू विचारलंस म्हणून सांगतो. मी तिकडं आल्तोच न्हाई. घरून निघालो, राधेश्यामच्या गाडीवर बसलो, थेट स्टँड. कुणी दिसलं न्हाई.

पण एक सांगू का? राग धरू नको. मामाची नजर आता पहिल्यावानी राह्यली न्हाई. मागल्या बाजारी त्यानं मला राधेश्याम म्हणून हाक मारली, दहा हातावरून. तारा लावताना त्याला आतलं दिसलं नसंल. म्हातारा माणूस, त्याच्यावर कुणी डाफरू नये, पण नजरेचं असंल. एकदा डॉक्टरला दाखवा त्याला.

आज दिवाळीचा पहिला दिवस. कॅम्पात फटाके बंदी आहे, बारूदचं कोठार जवळ. बरं झालं. आवाज नको वाटतो.

आईला म्हणावं जेव. तुझ्या हातानं काय बी झालं न्हाई म्हणावं.

शिवा

*

जाफराबाद
३१ ऑक्टोबर २०२५

शिवा,

तुझ्या म्हणण्यावरून मामाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. तिथं भिंतीवर ती उलटीसुलटी तीन काड्यांची चिन्हं असतात, कोणत्या बाजूला तोंड आहे ते बोटानं दाखवायचं. मामानं सगळीच चुकीची दाखवली. अगदी वरचं, विटेएवढं मोठं, तेसुद्धा. जाड काचेचा चष्मा मिळाला. आता तो घालून फिरतो आणि उंबऱ्याला अडखळतो. परवा शेडासमोरच्या नालीत पाय गेला. काल चष्मा कपाळावर सरकवून तो आभाळाकडं बघत होता. मी विचारलं काय बघतोस, तर म्हणाला, "घार आहे, पंजात उंदीर हाये तिच्या." मला घारच दिसत नव्हती. मी जवळ गेल्यावर त्यानं घाईनं चष्मा खाली ओढला.

त्याला स्वच्छ दिसतं शिवा. तो खोटं बोलतोय. आणि कुणासाठी बोलतोय ते मला कळलं.

सहा तारा मी टेबलावर मांडून बघितल्या. पाच सरळ आहेत. चार नंबरची हातभर आत गेल्यावर मुरडलेली आहे, आत कशाला तरी टेकून. म्हणजे छर्रा आत असताना कुणीतरी तार घातली, आणि पुढून घातली. मामा जन्मात पुढून घालत नाही, त्याला मी मागून शिकवलंय आणि तो शिकलेलं सोडत नाही. तार जाईना तेव्हा थांबून बघायला पाहिजे होतं. ज्यानं घातली त्याला घाई होती.

अष्टमीला दुपारी चार नंबरवर मी स्वतः होते. तृप्तीसाठी तिचा नेम जुळवत होते. तेवढ्यात राज्य स्पर्धेच्या लोकांचा फोन आला, तिच्या जन्मदाखल्याचं काहीतरी अडलं होतं. मी बोलत बोलत बाहेर गेले. शेवटचा छर्रा मारला होता का, हे मला आठवत नाही. रोज रात्री तो दिवस डोळ्यांपुढं आणते, फोन वाजतो तिथपर्यंत सगळं दिसतं, त्यापुढं काही नाही. घाईत पुढून तार खुपसली असेल. मीच असणार. दुसरं कोण?

मामा मला वाचवतोय. बाईची रेंज बुडू नये म्हणून स्वतःला आंधळा करून घेतलंय त्यानं.

पालक समितीनं ठरवलंय की मामानं शेडात पाऊल ठेवायचं नाही. बाजारात लोक त्याला "नेमबाज" म्हणून हाक मारतात. तीस वर्षं तो त्या शेडाच्या दाराशी बसला, जिनिंग असताना कापसाला, आता पोरांना राखत. १६ नोव्हेंबरला, रविवारी, समितीची बैठक आहे. तिथं मी सगळ्यांसमोर सांगणार आहे, छर्रा मी ठेवला. मग मला पुन्हा कुठल्याही पोराच्या हातात रायफल देता येणार नाही. शेड कायमचं बंद होईल. तेरा पोरं घरी बसतील. पण मामाचा चष्मा तरी उतरेल.

तृप्तीची पट्टी निघाली. डाव्या डोळ्यापुढं धुकं आहे म्हणते. अजून एक शस्त्रक्रिया आहे.

तुला हे कळावं म्हणून लिहिलं. आईला सांगितलेलं नाही.

रेणू

*

खालचं गाव
११ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू नव्हे. तू न्हाई. आधी हे वाच अन मंग पुढचं. तू न्हाई ठेवला छर्रा. मी ठेवला.

काल गाडीनं तुझं पत्र आणलं. वाचलं अन मुकादमाला न विचारता डोंगर उतरलो. त्या वळणावर मोबाईलला जीव आला. तुला फोन लावला. आईनं उचलला. "हॅलो, कोण? शिवा का? बोल की रे." मी बोललो न्हाई. तिचा आवाज एवढा बारीक झालाय हे तू लिहिलं नव्हतंस. मी कापला. मंग पुन्हा लावायची हिंमत झाली न्हाई. बोगद्यात बारुदीजवळ झोपणारा माणूस मी, आईच्या 'कोण?'ला भ्यालो. खाली डाकघराच्या पायरीवर बसून लिहून राह्यलो, जल्दी पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं टाकतो.

अष्टमीला तू पाच वाजता घरी आलीस. मी बॅग घेऊन निघालो ते स्टँडला न्हाई. शेडावर गेलो. मामा कुलूप लावून राह्यला होता. मी म्हणलं, मामा, एक छर्रा. तो म्हणला, "बाईनं सांगितलंय, न्हाई." मी म्हणलं, मामा, तुम्हीच मला गंजीवर चढवायचे अन आज दारातून हाकलता? परदेशी चाललो, परत येतो का न्हाई काय ठाऊक. असं म्हणलं ताई मी. त्याला ठाऊक होतं मी हिमाचलाला चाललो, लढाईवर न्हाई, तरी त्यानं कुलूप काढलं. मनानं दगड असता तर काढलं नसतं. "दोन मार अन पळ, भाच्या," म्हणला अन माझ्यासाठी चहा सांगायला कोपऱ्यावर गेला.

दोन मारले. दुसरा जवळजवळ मधात लागला. मला वाटलं मी बी काहीतरी आहे. तू मला कधीच म्हणली न्हाईस की शिवा, तुझा हात चांगला आहे. म्हणलं तिसरा मधोमध मारतो अन तो कागद तुझ्या टेबलावर ठेवून जातो. छर्रा भरला, खटका बंद केला. तेवढ्यात राधेश्याम दारात बोंबलला, "शेवटची जीप सुटली बे, चल!"

मी रायफल टेबलावर ठेवली. तशीच. छर्रा काढायला वेळ लागतो, तो मारूनच काढायचा असतो, अन तो तर बोंबलून राह्यला होता. तार बाजूला पडली होती. मला आठवलं, तार लावायची असती. लावायची असती हे ठाऊक, का लावायची ते त्या घाईत डोक्यात आलंच न्हाई. पुढून खुपसली. हातभर गेली अन अडकली. मी दाबली. मुरडली. पुढं शेपूट दिसून राह्यलं होतं. म्हणलं झालं, लागली तार. अन पळालो. मामा चहा घेऊन आला असंल तवा मी गेल्तो. त्यानं दारातून सहा शेपटं बघितली असतील अन कुलूप लावलं असंल.

परवा इथं काय झालं सांगतो. बोगद्यातून बाहेर आलो अन बिल्ला काढायचा विसरलो. चाळीस माणसं अडीच तास थंडीत उभी. आत जाऊन शोधलं मला, बॅटऱ्या लावून, अन मी बाहेर चहा पीत होतो. वाटलं मुकादम तुडवणार. तो एवढंच म्हणला, "तू बाहर है, ये बोर्ड को क्या मालूम?" मी त्या दिवशी रातभर फळ्याकडं बघितलं. तिथं बिल्ल्यानं मी नसताना आत आहे म्हणून सांगितलं, चाळीस माणसं थंडीत थांबली, तेवढंच. जाफराबादला तारेनं छर्रा असताना न्हाई म्हणून सांगितलं, तिथं पोरगी पडली. दोन्हीला मीच खोटं शिकवलं.

अन मामाच्या नजरेचं. ते मी मुद्दाम लिहिलं. तुझं पहिलं पत्र वाचल्याबरोबर मला समजलं होतं की मामा मला झाकून राह्यला. राधेश्याम म्हणून हाक मारली होती हे खरं, पण चेष्टेनं. मला वाटलं मी इथं, तो तिथं, म्हातारा माणूस, दोन दिवस लोक बोलतील अन विसरतील. चष्मा लागंल अन तो नालीत पडंल हे मला वाटलं न्हाई. देवाशपथ वाटलं न्हाई. पण लिहिलं मीच.

हे पत्र सोळाच्या आधी पोचलं तर समितीत वाच. समद्यांसमोर. राधाकिसनभाऊसमोर. उशिरा पोचलं तरी वाच. तू मला भाऊ म्हणू नको वाटलं तर नको म्हणू.

शिवा

*

जाफराबाद
१९ नोव्हेंबर २०२५

तुझं पत्र काल, अठराला मिळालं. बैठक सोळाला झाली.

मी उभी राहून सांगितलं होतं, छर्रा माझ्या हातून राहिला. मग राधाकिसनभाऊ म्हणाले, "मॅडम, आठवत न्हाई म्हणता अन केलं बी म्हणता. हे कसं काय?" मामा दाराबाहेर उभा राहून ओरडत होता, "बाई खोटं बोलून राह्यली!" समितीनं शेडाला दुसरं कुलूप लावलं आणि किल्ली नेली.

मग पोस्टमन आला. पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि मी ओट्यावरून उठले ते कुठं जाते ते न कळता बाजारापर्यंत गेले. मी त्या पंधरा दिवसांत स्वतःला कसं कसं पकडलं होतं ते तुला कधी कळणार नाही. मला फोन वाजल्यानंतरचा दिवस आठवायला लागला होता शिवा. मी छर्रा भरताना मला दिसत होते. ते झालंच नव्हतं, आणि मला दिसत होतं.

तू छर्रा भरलास याचा मला राग आहे, पण तो राग मला झेपतो. नळ्या मी फिरवल्या, तारा मी काढल्या, मागची बाजू मी बघितली नाही. त्यातलं माझं मी कुणाला देणार नाही. पण मामाच्या डोळ्यांचं तू शाई घेऊन, बसून, विचार करून लिहिलंस. त्याला जीप सुटत नव्हती.

मामाकडं गेले. म्हणलं शिवानं लिहिलंय सगळं. त्यानं चष्मा काढला, धोतरानं पुसला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "गाढवानं लिहिलं कशाला? माझं निभलं असतं." आणि मग रडला. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं.

आईला सांगितलं. तिनं विचारलं, "त्या दिवशी फोन त्याचाच होता ना?" मी हो म्हणाले. ती उठून भाकरी करायला बसली.

पत्र घेऊन राधाकिसनभाऊंच्या वाड्यावर गेले. मेंढरं कोंडत होते. त्यांनी कंदिलाला धरून ते पूर्ण वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. मग घडी घालून मला परत दिलं. म्हणाले, "कागदावर समदेच शूर. त्याला म्हणावं ये. पोरांसमोर तोंडानं सांग. माझी पोरगी समोर बसंल. तवर शेड उघडा, पोरांचं नुकसान नको. पण चार नंबर तो येईस्तोवर बंद."

समितीनं किल्ली दिली, अटींवर. पूजेला यापुढं रायफल कपाटाबाहेर येणार नाही. तार दोन जणांनी बघायची, दोन्ही बाजूंनी, आणि फळ्यावर नाव लिहायचं. तुझा तो बिल्ल्याचा फळा. मी त्यांना सांगितलं नाही की कल्पना कुठून आली.

तृप्तीची दुसरी शस्त्रक्रिया शनिवारी आहे. राज्य स्पर्धा आता तिला मिळणार नाही.

रेणू

*

जाफराबाद
३ डिसेंबर २०२५

शिवशंकर दादा,

मी तृप्ती. कचरूमामांना लिहिता येत नाही म्हणून ते सांगतायत आणि मी लिहितेय. अक्षर तिरपं जातंय, समजून घ्या. डाव्या डोळ्यापुढचं धुकं कमी झालंय पण ओळी अजून वर-खाली होतात.

मामा म्हणतात लिही, "भाच्या, थंडीत कान बांधत जा." मामा म्हणतात लिही, "चष्मा देवळीत ठेवलाय. आला की तुलाच घालतो अन नालीकाठानं चालवतो." मामा म्हणतात लिही, "चहा वाया गेला होता, दोन कप. तो पण वसूल करीन." आणि म्हणतात लिही की राग नाही.

ते मामांचं झालं. आता माझं. मामा बाहेर गेलेत.

मला राग आहे. पप्पांनी मला तुमचं पत्र वाचायला दिलं नव्हतं, मी मॅडमकडून घेऊन वाचलं. त्यात तुम्ही लिहिलंय, मला वाटलं मी बी काहीतरी आहे. मला पण तेच वाटायचं दादा, रेघेवर उभं राहिलं की. वर्गात मी मेंढरंवाल्याची. रेघेवर मी चार नंबरच्या लेनची. त्या दिवशी माझ्या गालाला लागलं तेव्हा मला आधी माझा डोळा आठवला नाही, मला राज्य आठवलं. ते गेलं. सोळा वर्षांखालचं वय माझं पुढच्या वर्षी पण राहतं, एवढं बरं.

मी परवा पहिल्यांदा शेडात गेले. पाय आत जाईना. मॅडम पण बाहेरच थांबल्या माझ्याबरोबर. शेवटी आतली बारकी पोरं ओरडली, "दोन टोकं, मंगच पाय!" तेव्हा मी गेले. पाच रायफली होत्या, पाच तारा, फळ्यावर पाच-पाच सह्या. मी धरली नाही अजून. फक्त बसले.

तुमची आई आली होती आमच्या घरी. बराच वेळ माझ्या गालाकडं बघत बसली. मग माझ्या डोक्याला तेल लावून दिलं. जाताना म्हणाली, "झेंडू लावू का गं आता दारात?" मी म्हणाले लावा.

पप्पांनी सांगितलंय, जानेवारीत येतो असं तुम्ही कळवलंत. या. पोरं समोर बसतील, मी पहिल्या ओळीत. जे पत्रात लिहिलंय ते सगळं सांगायचं, चष्म्याचं पण. मध्ये काही गाळलं तर मी उभी राहून सांगीन, मला पाठ आहे.

चार नंबर कपाटात आहे. खटका उघडा आणि नळी रिकामी, मॅडमनी तीनदा बघितली आहे. पण तिच्यात तार नाही. मी कुणाला लावू दिली नाही. ती मुरडलेली तार मॅडमनी टाकून दिली होती, मी उचलून ठेवली, ती तुम्हाला दाखवायची आहे. आणि नवीन दीड हात तोडून ठेवलीय. ती तुम्ही लावायची. मागून. थांबून.

आणि दोन्ही टोकं दिसतात का ते मी बघणार आहे. डाव्या डोळ्यानं.

तृप्ती